सरदार बहादूर : एका लष्करी किताबाचा इतिहास

हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा आणि सदर बाजार अशी वस्त्यांची नावे आजही नित्य उच्चारली जातात. आपल्या शाळेचे विद्यार्थी वह्या-पुस्तकांसाठी, परीक्षेसाठी वा दवाखान्यासाठी शहरात येत आणि या नावांमधून वाट काढीत परत जात. आज ज्यांची मुले शाळेत शिकत आहेत, त्या पालकांनीही हीच वाट तुडविली आहे. तथापि ही नावे कोठून आली, असा प्रश्न वर्गात क्वचितच कोणी विचारला असेल. पलटण म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ, तोफखाना तर उघडच आहे. उरला पेन्शनपुरा. नोकरी संपवून, निवृत्तिवेतनावर उरलेले आयुष्य काढणाऱ्या शिपायांची आठवण त्या नावात साठलेली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला किताब याच माणसांशी, म्हणजे सबंध तारुण्य फौजेत घालवून म्हातारपणी सुभेदारीपर्यंत पोहोचलेल्या हिंदी अंमलदारांशी, निगडित आहे. ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ हे त्याचे नाव. तो मिळालेला मनुष्य ‘बहादूर’ किंवा ‘सरदार बहादूर’ म्हणून ओळखला जाई.

‘ऑर्डर’ या इंग्रजी शब्दाचा येथील अर्थ आज्ञा असा नाही. मध्ययुगीन युरोपात शपथबद्ध योद्ध्यांची मंडळे असत. प्रवेशासाठी कुल, धर्म आणि शौर्य यांची परीक्षा होई आणि प्रवेश मिळालेल्याच्या अंगावर मंडळाचे चिन्ह येई. पुढे राजांनी हीच कल्पना आपल्या सोयीने वापरली. जहागिरी वाटून खजिना रिता करण्यापेक्षा फीत आणि तारा देणे स्वस्त पडते, हे त्यांनी ओळखले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६९३ साली ‘सेंट लुई’ नावाचे मंडळ केवळ लष्करी अधिकाऱ्यांसाठी स्थापन केले. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्यासाठी उमराव घराण्यात जन्म घेण्याची अट नव्हती. किमान दहा वर्षांची चाकरी पुरे होती. मात्र अधिकारी कॅथलिक असला पाहिजे, ही अट होती. प्रॉटेस्टंट अधिकारी कितीही लढला तरी त्याला तेथे जागा नव्हती, आणि त्याच्यासाठी पंधराव्या लुईला १७५९ साली निराळा सन्मान काढावा लागला. जन्माची भिंत पाडून धर्माची भिंत उभी करणारी ही पद्धत वाचकांनी लक्षात ठेवावी. हिंदुस्थानात तिचेच निराळे रूप पाहावयाचे आहे.

आपल्याकडे सन्मानाची भाषा वेगळी होती. मराठी राज्यात पोशाख, पगडी, कडे-तोडे, पालखीचा मान आणि इनाम जमीन देत. निजामाच्या दरबारात खान, खान बहादूर, जंग, दौला, मुल्क, जाह अशी किताबांची चढती शिडी होती. सालार जंग हे नाव मराठवाड्यात कोणाला अपरिचित नाही. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हिंदी अंमलदारांसाठी सन्मान निर्माण केला, तेव्हा तिने युरोपातील तारा आणि फीत घेतली व तिला दरबारी भाषेतील ‘बहादूर’ हा शब्द जोडला. कंपनी ही व्यापारी मंडळी. तिच्या सन्मानात राजाचे तेज नव्हते, म्हणून ते शब्दाने आणावे लागले असावे, असे मला वाटते. १८५८ साली कंपनीचा कारभार संपून राणीचे राज्य आले, तेव्हा हा सन्मान आपोआप राजसन्मान झाला.

त्यापूर्वीची स्थिती आपल्याच परिसरातील एका लढाईवरून समजते. जानेवारी १८१९ मध्ये हदगावच्या बाजूस, इंग्रजी कागदपत्रांत ‘नोवा’ म्हणून नोंदल्या गेलेल्या गढीला निजामाच्या फौजेने वेढा घातला. गढी हटकर नाईक नोवसाजी यांची होती आणि आत अरबांची शिबंदी होती. फौज निजामाची असली तरी तिचे अधिकारी इंग्रज होते आणि नेतृत्व मेजर पिटमन याजकडे होते. गढी पडली. एक वर्ष आधी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमा नदीकाठी कोरेगावची लढाई झाली होती. कोरेगावच्या लढाईसाठी पदक मंजूर झाले ते १८५१ साली! ‘आर्मी ऑफ इंडिया’ हे ते पदक. त्यावर लढाईच्या नावाची पट्टी असे. कोरेगावचीही एक होती. पण ते हयात असलेल्यांनाच मिळावयाचे होते. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली गेली ते तेथे पडलेले होते. आणि जे वाचले, त्यांपैकी तेहेतीस वर्षांनंतर पदकासाठी किती जण उरले असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

सन्मानाच्या बाबतीत कंपनी जागी झाली ती १८३७ साली, लॉर्ड ऑकलंड गव्हर्नर जनरल असताना. त्या वर्षी एकदम दोन सन्मान निघाले. त्यांची गल्लत अनेकदा होते, म्हणून भेद स्पष्ट करतो. पहिला ‘ऑर्डर ऑफ मेरिट’. तो प्रत्यक्ष रणांगणातील शौर्यासाठी होता आणि साध्या शिपायासही मिळू शके. त्याच्या तीन पायऱ्या होत्या. पहिल्या पराक्रमास तिसरा वर्ग, पुन्हा पराक्रम केला तर दुसरा, आणखी एकदा केला तर पहिला. तिसऱ्या वर्गास पगाराच्या एक-तृतीयांश इतकी, दुसऱ्यास दोन-तृतीयांश इतकी वाढ मिळे आणि पहिल्या वर्गात पगार दुप्पट होई. शिपाई मेला तर त्याच्या विधवेस ती रक्कम तीन वर्षे चालू राही. १९०२ साली इंग्लंडात त्याच नावाचा दुसरा सन्मान निघाला, म्हणून याच्या नावामागे ‘इंडियन’ हा शब्द लागला. ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ १८५६ साली सुरू झाला; तथापि हिंदी शिपायास तो १९११ पर्यंत खुला नव्हता. तोवर त्याच्यासाठी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हीच शौर्याची परमावधी होती. द्वार उघडल्यावर मराठी मुलखातील यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, हे सर्वश्रुत आहे.

दुसरा सन्मान म्हणजे आपला ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’. तो दीर्घ, निष्ठावंत आणि सन्माननीय सेवेसाठी होता आणि फक्त हिंदी अंमलदारांसाठी होता. शिपाई, नाईक, हवालदार यांना तो नव्हता. पायदळात जमादार, सुभेदार आणि सुभेदार-मेजर, घोडदळात रिसालदार, ही हिंदी अंमलदारांची पदे. प्रथम वर्गाच्या मानकऱ्यास ‘सरदार बहादूर’ आणि द्वितीय वर्गाच्या मानकऱ्यास ‘बहादूर’ हा किताब मिळे. आरंभी प्रत्येक वर्गात शंभर जागा होत्या. पुढे त्या वाढविण्यात आल्या. किताबासोबत रोजचा भत्ता असे : प्रथम वर्गास दोन रुपये, द्वितीय वर्गास एक रुपया. आजच्या वाचकाला ही रक्कम हास्यास्पद वाटेल. परंतु त्या काळी पायदळातील शिपायाचा महिन्याचा पगार सात रुपये होता. म्हणजे सरदार बहादुरास केवळ किताबापोटी महिन्याला साठ रुपये मिळत. आठ शिपायांच्या पगाराहून अधिक. गावाकडे घर बांधावे, मुलाला शिकवावे, चार नातेवाइकांचा संसार उभा करावा, एवढी ताकद त्या दोन रुपयांत होती.

चिन्ह असे : सोन्याचा अष्टकोनी तारा, मध्यभागी सिंह, भोवती सन्मानाचे नाव असलेले निळे कडे आणि पर्णमाला. प्रथम वर्गाच्या ताऱ्यावर राजमुकुट असे, द्वितीय वर्गाचा तारा किंचित लहान आणि मुकुटाविना असे. छातीवर नव्हे, तर गळ्यात फितीने तो बांधीत. फितीची एक गंमत सांगितली जाते. प्रारंभी ती आकाशी रंगाची होती. हिंदी अंमलदार डोक्याला तेल लावीत, ते मानेवर उतरे आणि आकाशी फीत दोन दिवसांत काळवंडे. म्हणून वर्षभरातच फितीचा रंग बदलून किरमिजी करण्यात आला. गव्हर्नर जनरलच्या हुकुमाला खोबरेल तेलाने दुरुस्ती करावयास लावली, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९३९ साली दोन्ही वर्ग ओळखू यावेत म्हणून प्रथम वर्गाच्या फितीत दोन आणि द्वितीय वर्गाच्या फितीत एक अशा फिकट निळ्या रेघा घालण्यात आल्या. जुना आकाशी रंग शंभर वर्षांनी एवढ्यापुरता परतला.

आता मुख्य प्रश्न. हा सन्मान काढण्याची गरज का पडली? कंपनीच्या फौजेत हिंदी शिपायाची बढती ज्येष्ठतेने होई. वरची जागा रिकामी होईपर्यंत वाट पाहावयाची. सुभेदार होईतो केस पांढरे होत. आणि सुभेदार झाला तरी विलायतेहून कालपरवा आलेल्या, मिसरूड न फुटलेल्या इंग्रज अधिकाऱ्यापेक्षा तो खालचाच. तीस-चाळीस वर्षे ज्याने पलटण सांभाळली, त्याने त्या पोरास सलाम करावयाचा. हिंदी माणसाला राजाचे कमिशन, म्हणजे खरा अधिकार, देण्याची सरकारची तयारी नव्हती. सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या त्या १९१८ साली, आणि डेहराडूनची अकादमी निघाली १९३२ साली. मधल्या शतकभरात अधिकाराच्या ऐवजी काय द्यावयाचे, या प्रश्नाला सरकारने शोधलेले उत्तर म्हणजे ‘सरदार बहादूर’. किताब खरा होता, भत्ता खरा होता, गावातला मानही खरा होता. हुकूम देण्याचा हक्क मात्र नव्हता. असे असूनही त्या मानकऱ्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांना जे दार उघडे होते, त्या दारापर्यंत ते स्वतःच्या पायांनी गेले.

काहींसाठी मात्र तेही दार बंद झाले. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई कंपनीच्या काळापासून मोठ्या संख्येने होते. त्यांतून हवालदार, जमादार, सुभेदार झालेल्यांची घरे कोकणात दापोलीसारख्या ठिकाणी वसली होती; आपल्या पेन्शनपुऱ्याचीच ती भावंडे. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदारपदापर्यंत पोहोचले आणि महू येथील लष्करी शाळेत त्यांनी अध्यापन केले. भीमाबाईंच्या माहेरी, मुरबाडकर घराण्यातही सुभेदार-मेजर होते. पलटणीत शिपायांना व त्यांच्या मुलांना शिकविण्याची सोय असे. गावच्या शाळेने ज्यांना उंबऱ्याबाहेर बसविले त्यांना पलटणीच्या शाळेने पाटी दिली. यासाठीच सुभेदारी हा केवळ हुद्दा नव्हता. ज्या समाजाला इतर सर्व वाटा बंद होत्या, त्याच्यासाठी ती मोजकी उघडी वाट होती.

१८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. ठरावीक जातीच तेवढ्या लढवय्या, बाकीच्या नाहीत, हा सिद्धान्त त्यांच्या काळात सरकारी धोरण बनला. जातवार पलटणी उभ्या राहू लागल्या आणि १८९२च्या सुमारास महारांची भरती बंद करण्यात आली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांच्या पूर्वजांची नावे इंग्रजांनीच कोरली होती, त्यांना इंग्रजांनीच लढण्यास अपात्र ठरविले. या निर्णयाचा परिणाम किताबाच्या दृष्टीने पाहिला म्हणजे त्याची खोली कळते. ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या नियमांत जातीचा कोठेही उल्लेख नव्हता. त्याची गरजच नव्हती. दीर्घ सेवेसाठी असलेल्या सन्मानास प्रथम सेवेत शिरावे लागते. भरती बंद झाली की पंचवीस-तीस वर्षांनी सुभेदार आपोआप नाहीसे होतात आणि सुभेदार नाहीत म्हटल्यावर ‘बहादूर’ कोठून येणार? सेंट लुईच्या मंडळाने प्रॉटेस्टंटांना दारातून परत पाठविले. येथे दारापर्यंत येणारा रस्ताच उखडला गेला.

या अन्यायाविरुद्ध पहिला लेखी आवाज उठविला तो निवृत्त लष्करी माणसांनीच. हवालदार म्हणून १८८६ साली निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी दापोलीस राहून ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन केली आणि १८९४ साली सरसेनापतींसाठी अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी हाती घेतली. १९१० साली त्यांनी थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. हे अर्ज आज वाचताना एक गोष्ट मनाला भिडते. ती माणसे दान मागत नव्हती. आमच्या वाडवडिलांनी केलेल्या चाकरीचा हिशेब पाहा, एवढेच ती म्हणत होती. पहिल्या महायुद्धात शिपाई कमी पडू लागले तेव्हा सरकारला हा हिशेब आठवला आणि १९१७ साली ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडली. गरज सरो, वैद्य मरो!

दुसऱ्या महायुद्धात मात्र परिस्थिती बदलली. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली होती आणि महारांची स्वतंत्र पलटण असावी हा आग्रह त्यांनी धरला होता. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. लेफ्टनंट कर्नल जॅक्सन यांच्यासोबत ती उभी करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव मेजर सरदार बहादूर लाडकोजीराव भोसले असे नोंदलेले आहे. कामठीस दुसरी पलटण निघाली, तेथे मेजर भोलाजी रांजणे होते. ज्या समाजाला सुभेदारीपासून अर्धशतक दूर ठेवले गेले, त्याची पलटण उभी राहताना ‘सरदार बहादूर’ म्हणविणारा एक मराठी अधिकारी पुढे उभा होता, ही घटना इतिहासाच्या ओघात सहज घडली असेल. तथापि मला ती नेहमीच लक्षणीय वाटत आली आहे. रेजिमेंटच्या टोपीवरील बिल्ल्यावर आरंभी कोरेगावचा स्तंभ होता.

इकडे हिंगोलीच्या छावणीचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १८१३च्या सुमारास हैदराबादचे रेसिडेंट हेन्री रसेल यांनी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली निजामाची फौज उभी केली. तिची पुढे ‘हैदराबाद कॉन्टिंजंट’ झाली. तिच्या खर्चासाठी १८५३ साली निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन करावा लागला. बोलारम, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर आणि हिंगोली या तिच्या छावण्या. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानच्या मुख्य सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. मागे उरली ती वस्त्यांची नावे. त्या फौजेतील पायदळ पलटणी १९२२ साली ‘१९वी हैदराबाद रेजिमेंट’ या नावाखाली एकत्र आल्या आणि १९४५ साली त्याच रेजिमेंटचे नाव कुमाऊं रेजिमेंट असे झाले. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे धारातीर्थी पडलेले मेजर सोमनाथ शर्मा हे परमवीर चक्राचे पहिले मानकरी. त्यांची चौथी कुमाऊं पलटण ही याच जुन्या हैदराबादी फौजेची वारसदार. हिमालयाच्या पायथ्याशी ज्या रेजिमेंटचे नाव जोडले गेले आहे, तिची मुळे आपल्या काळ्या मातीत आहेत, ही बाब जिल्ह्यातील शाळांतून सांगितली गेली पाहिजे.

१९४७ नंतर ‘सरदार बहादूर’ हा किताब देणे थांबले. संविधानाच्या अनुच्छेद १८ने सैनिकी किंवा शैक्षणिक विशेष मान वगळता राज्याने कोणताही किताब देऊ नये, असे ठरविले. मसुदा समितीच्या अध्यक्षस्थानी एका सुभेदाराचा मुलगा होता. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर, महावीर आणि वीर ही चक्रे सुरू झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानली गेली. त्यांचे मानकरी होण्यास हुद्द्याची अट नाही. शिपाई आणि सेनापती यांच्यासाठी एकच पदक. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ साली श्रीलंकेतील कामगिरीबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. १९६० पासून विशिष्ट सेवेसाठीही पदके आहेत. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की भारतरत्न, पद्म यांसारखे राष्ट्रीय पुरस्कार हे किताब नव्हेत आणि म्हणून ते नावाच्या मागे-पुढे लावता येणार नाहीत. लग्नपत्रिकांवर व फलकांवर हा निर्णय किती पाळला जातो, ते आपण पाहतोच.

जुन्या ‘सरदार बहादूर’शी नाते सांगणारी एक प्रथा आजच्या सैन्यात उरली आहे. उत्तम सेवा केलेल्या सुभेदारांना व सुभेदार-मेजरांना निवृत्तीच्या सुमारास, प्रजासत्ताक दिनी किंवा स्वातंत्र्यदिनी, मानद लेफ्टनंट वा मानद कॅप्टन हा हुद्दा दिला जातो. फरक एवढाच, की आता सुभेदाराची कन्या किंवा पुत्र परीक्षा देऊन थेट अधिकारी होऊ शकतात. मानाचा हुद्दा ही त्या घराची शेवटची मजल राहिलेली नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांची एखादी पत्र्याची पेटी असेल. तीत पदक सापडले तर ते चिंचेने वा राखेने घासू नये. आधी त्याची कड भिंगाखाली पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेली असते. ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’चा तारा असेल तर त्यावर बहुधा नाव नसते, मग पेन्शनचे पुस्तक, सनद आणि जुनी छायाचित्रे यांचा आधार घ्यावा. छायाचित्रात गळ्यापाशी फितीला लटकलेला तारा दिसला तर तो कोणत्या वर्गाचा, हे मुकुटावरून ओळखावे. कागदांची छायाप्रत काढून एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. पुढच्या स्मरणिकेच्या संपादकांना ती उपयोगी पडेल.